प्रोप्रायटर पुतळीबाई

हैबतरावांनी जमिनीचा विषय काढला तेव्हा सगळ्यांच्या ताटात अजून भात होता, म्हणून कोणालाच उठून जाता आलं नाही.

"खाडीलगतचे अकरा गुंठे सरूच्या नावावर करा," ते म्हणाले. "बँकेचे पैसे मी भरतो. घरातली गोष्ट घरात राहील."

हरेशने बापाकडे पाहिलं. पुंडलिक बोंबलाचा काटा ताटाच्या कडेला लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

पेणच्या रामवाडीतल्या घरी त्या रविवारी सगळे जमले होते ते बँकेच्या नोटिशीमुळे. नोटीस हरेशच्या आईच्या नावाने होती. श्रीमती पुतळी पुंडलिक घरत, वय अडुसष्ट, क्रेडिट कार्डाची थकबाकी एक लाख त्र्याण्णव हजार सहाशे चाळीस. पोस्टमनने ती हरेशच्या हातात ठेवली तोवर आईकडे क्रेडिट कार्ड आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. तो सतरा वर्षं कंपनीत कंत्राटावर होता. त्याला स्वतःला दोन बँकांनी कार्ड नाकारलं होतं. नोटीस वाचून त्याला आधी धक्का बसला, मग लाज वाटली, आणि या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आईचा थोडा हेवाही वाटून गेला.

लाजेपोटी त्याने बहिणीला फोन केला. सरूबरोबर तिचा नवराही येणार हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं.

हैबतराव वरसे गावचे. रोह्याला लागून त्यांची भाताची शेती होती, भात काढला की वाल. गेली सव्वीस वर्षं ते खाडीकडच्या सासुरवाडीला शहाणपण शिकवत आले होते. गेल्या वर्षी पुढचे पाच दात नवे बसवल्यापासून तर ते फार सावकाश बोलत, प्रत्येक शब्द नीट दिसावा असे.

"मी आयुष्यात कोणाचा रुपया ठेवला नाय," ते म्हणाले. "अंथरूण बघून पाय पसरले असते तर ही वेळ आली नसती. सासूबाई, मी तुम्हाला बोलत नाय. एकूण सांगतोय."

"बोला की," पुतळीबाई म्हणाल्या. "आमटी वाढू का अजून?"

तेवढ्यात हरेशची मुलगी पूजा आतून कागदांचा गठ्ठा घेऊन आली. ती पेणमध्येच एका कर सल्लागाराच्या ऑफिसात कामाला होती आणि आजीच्या कार्डाची तीन वर्षांची स्टेटमेंटं तिने छापून आणली होती.

"भरायचं की नाही ते नंतर," ती म्हणाली. "आधी खरेदी काय झाली ते तर बघू. मोबाइल, अठरा हजार."

हरेशचा हात नकळत खिशाकडे गेला. गणपतीत आईने तो फोन त्याला दिला होता. मुंबईहून पोह्याच्या पापडांची मोठी ऑर्डर आली, असं तेव्हा सांगितलं होतं.

"शिलाई मशीन, चौदा हजार." वाढता वाढता हरेशची बायको दीपिका जागीच थांबली. "पायाला मालिश करायचं मशीन, आठ हजार. समीक्षाची नर्सिंगची फी, वीस हजार."

समीक्षा सरूची मुलगी. हैबतरावांनी भुवया उंचावून बायकोकडे पाहिलं. सरूने पाण्याचा तांब्या उचलला.

"आणि शेवटचं, रोह्याचं डेंटल क्लिनिक. शेहेचाळीस हजार."

सरूला ठसका लागला.

"ते माझे दात," पुतळीबाई म्हणाल्या.

त्यांचे वरचे पुढचे तीन दात नव्हते, हे त्या बोलल्या तेव्हा सगळ्यांना नीटच दिसलं.

"कुठं हायत?" हैबतरावांनी विचारलं.

"बसले नाय नीट. काढून ठेवलेत."

"शेहेचाळीस हजारांचे दात काढून ठेवले?"

"सणासुदीला घालते."

हैबतरावांनी हताशपणे मान हलवली. "ऐकलंस हरेश? म्हणून म्हणतो, यातून सुटायचं तर जमीन."

हरेशला ते पटू लागलं होतं. वसुलीवाले दारात आले, शेजाऱ्यांनी पाहिलं, कंपनीत कळलं तर काय, हेच त्याच्या डोक्यात घोळत होतं. पण पूजा बसायला तयार नव्हती.

"काका, आजीला एवढं कार्ड दिलं कोणी? काय बघून दिलं?"

"घेणाऱ्याने घेतलं. आता फेडायचं."

"देणाऱ्यानेही बघायचं असतं. माणसाला परत करायला झेपेल का, हे तपासून कार्ड द्यायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. न विचारता लिमिट वाढवायची नाही, हाही आहे. आजीची दोनदा वाढवली. चाळीसची नव्वद केली, नव्वदची एक लाख साठ."

"आपण खायचं आणि वर हॉटेलवाल्याला विचारायचं, मला वाढलंस का?"

"उपाशी नसताना ताट भरत गेला असेल तर विचारायचं. मी बँकेला तक्रार लिहिते."

हरेशने शेवटी बापालाच विचारलं. "बाबा, तुम्ही काय म्हणता?"

"मी जेवतोय," पुंडलिक म्हणाले. मग पाणी पिऊन, तोंड पुसून ते उठले. "पोरीला काय लिहायचं ते लिहू दे. तोवर जमिनीचं कोणी काढायचं नाय."

*

सरू मागच्या मोरीवर भांड्यांना बसली. हे तिचं माहेर, इथे पाहुणी म्हणून बसून राहायची तिला सवय नव्हती. आणि आत्ता तर नवऱ्याच्या समोर बसण्यापेक्षा कढईचा काळा तळ घासणं सोपं होतं.

पुतळीबाई तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"आय, कशाला खोटं बोललीस गो?"

"मग काय सांगू? जावयबापू, तुम्ही हा भात सासूच्या पैशाने चावताय, असं?"

सरूला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरले. वरशाच्या वळणावर म्हैस आडवी आली, हैबतराव गाडीवरून पडले आणि पुढचे पाच दात गेले. त्यानंतर तीन आठवडे तो माणूस घराबाहेर पडला नाही. सोसायटीच्या मीटिंगला गेला नाही, मुलगा साईराजसाठी स्थळ घेऊन लोक आले तर तोंडावर रुमाल धरून आतल्या खोलीत बसला. चारचौघांत छाती पुढे काढून चालणारा नवरा असा भिंतीकडे तोंड करून बसलेला तिला बघवला नव्हता. आईने कार्ड पुढे केलं. बचत गटातून कर्ज काढलं, फेडलंही, असं सरूने नवऱ्याला सांगितलं आणि त्याने ते मानलं. खोलात शिरून विचारलं नाही. आता तेच दात दाखवत तो आईला कर्जावर व्याख्यान देत होता.

"त्यांना कळलं तर मला घरात ठेवणार नाय," ती म्हणाली.

"ठेवतील. जाणार कुठे, जेवण कोण करणार?"

दारात खडखड झाली. दीपिका उष्टी ताटं घेऊन उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. या दोघी नणंद-भावजया गेल्या वर्षी जमिनीची मोजणी झाल्यापासून एकमेकींशी कामापुरतंच बोलत.

दीपिकाने ताटं खाली ठेवली, पदर खोचला आणि सरूच्या शेजारी बसून राखेत हात घातला.

"मला तुमच्या बाजूने बोलायची हौस नाय वन्सं," ती म्हणाली. "पण जमीन गेली तर माझी जाते. आणि दातांचं बाहेर पडलं तर तुमचं घर ढवळतं. पूजा म्हणते ते जमलं तर दोन्ही राहतं. मग आपण कशाला भांडायचं?"

सरूने घासलेली कढई तिच्याकडे सरकवली. दीपिकाने ती विसळली. त्यानंतर दोघी पाण्याच्या नळाबद्दल बोलल्या, तो किती गळतो याबद्दल, आणि वर्षभरात एवढा वेळ त्या कधी बोलल्या नव्हत्या.

*

कार्डासाठी भरलेल्या अर्जाची प्रत पूजाने बँकेकडून मागवली. ती आली तेव्हा पुतळीबाई ओट्यावर पापडांचं पीठ मळत होत्या.

"आजी, फॉर्म भरताना तू काय सांगितलं होतंस?"

पुतळीबाईंना सगळं आठवत होतं. पेणच्या मार्केटच्या तोंडाशी टेबल लावलेलं, गळ्यात टाय घातलेला सेल्समन, आणि कार्ड घेणाऱ्याला फुकट मिळणारी निळी बॅग. "मावशी, काय करता?" असं त्याने विचारलं. "मिठागरात," असं त्यांनी सांगितलं. "स्वतःचं?" तो म्हणाला. "नवऱ्याचं नि माझं," त्या म्हणाल्या. मालक दुसरा होता, पण चाळीस वर्षं ते आगर त्या दोघांनीच राखलं होतं, म्हणून त्या तसं म्हणाल्या. आगर बंद होऊनही तेव्हा दहा वर्षं झाली होती. ते त्याने विचारलं नाही.

"त्याने काय लिहिलंय ऐक," पूजा म्हणाली. "व्यवसाय, प्रोप्रायटर, मीठ उत्पादन उद्योग. मासिक उत्पन्न, पंच्याऐंशी हजार."

पुतळीबाईंचे हात पिठात थांबले. "परत वाच."

पूजाने परत वाचलं.

"प्रोप्रायटर म्हणजे?"

"मालक."

"बरं लिहिलंय की," पुतळीबाई म्हणाल्या. चेहऱ्यावर पसरणारं समाधान त्यांना काही केल्या लपवता येईना.

पूजा कागद घेऊन शेजारी बसली. आता तक्रारीत खरं उत्पन्न लिहायचं होतं. श्रावणबाळ योजनेचे दीड हजार, आणि पापडांचे वर्षाची सरासरी काढून महिना अडीच. एकूण चार हजार.

"चार नको. सहा लिही."

"आजी, जेवढं आहे तेवढंच लिहायचं. आपली केसच ती आहे. तुला झेपत नव्हतं, हे बँकेला दिसत होतं, तरी ते देत गेले."

"झेपत नव्हतं असं लिहिणार तू?"

"हो."

पुतळीबाई पुन्हा पीठ मळायला लागल्या, जरा जास्तच जोराने. पूजाने त्यांना दाखवलं की गेले दीड वर्ष त्या कमीत कमी हप्ता भरण्यासाठी त्याच कार्डावरून एटीएममधून पैसे काढत होत्या. एका खिशातून काढून दुसऱ्यात घालायचे, आणि प्रत्येक वेळी बँक वर व्याज लावणार. आणि हे ज्या महिन्यात सुरू झालं, नेमकं त्याच महिन्यात बँकेने लिमिट वाढवली होती.

"ते मला कळत होतं गो," पुतळीबाई म्हणाल्या. "मी काय वेडी नाय."

"मग थांबली का नाहीस?"

पुतळीबाईंनी पिठाचा गोळा उलटा केला. नंतर म्हणाल्या, "फोन यायचा. मॅडम म्हणायचे. लिमिट वाढली की मेसेज यायचा, तूच वाचून दाखवलास एकदा, तुला वाटलं जाहिरात हाय. अभिनंदन, असं होतं त्यात. माझं कोणी अभिनंदन केलं नव्हतं आधी. आणि कोणी काही मागितलं तर मला नाय म्हणायला लागत नव्हतं. समीक्षाची फी भरायची होती, मी भरली. आता तू लिही, ही बाई गरीब हाय, हिला द्यायलाच नको होतं."

पूजाने पेनाचं टोपण लावलं, काढलं.

"मी गरीब असं लिहिणार नाही," ती शेवटी म्हणाली. "उत्पन्न चार हजार, एवढंच लिहीन. आणि बासष्ट हजार तू स्वतःच्या कमाईतून भरलेस, तेही लिहीन. चार हजारांतून तीन वर्षांत बासष्ट हजार. ते कोणाला जमेल?"

पुतळीबाईंनी हिशेब मनात फिरवून पाहिला आणि त्यांनाही तो थोडा मोठाच वाटला.

"लिही मग," त्या म्हणाल्या.

पूजाने लिहिलं. शेवटी तिने एक ओळ आपल्या मनाने घातली: अर्जात नमूद केलेल्या उद्योगाची बँकेने समक्ष येऊन पाहणी करावी, ही विनंती. ती ओळ वाचून पुतळीबाईंनी नातीकडे पाहिलं आणि पिठाच्याच हाताने तिच्या गालाला चिमटा काढला.

*

पाहणीला बँकेचा माणूस खरंच येईल असं पुंडलिकांना वाटलं नव्हतं. पण डिसेंबरातल्या अमावस्येला, भर बाराच्या सुमारास, तो आला. विशाल त्याचं नाव. पायात पॉलिश केलेले बूट, हातात टॅब. पूजाने ऑफिसातून अर्धा दिवस रजा घेतली होती. चौघं रिक्षाने धरमतरच्या खाडीवर, जुन्या आगराकडे निघाले.

अमावस्येची भरती असते बाराला. हे पुंडलिकांना माहीत होतं. दिवस ठरवताना विशालने फोनवर "केव्हा येऊ?" असं विचारलं तेव्हा तो दिवस त्यांनीच सुचवला होता, आणि का ते कोणाला सांगितलं नव्हतं.

बांधावर पोचल्यावर विशालने टॅब उघडला. "युनिट कुठे आहे?"

पुंडलिकांनी हात लांब केला. समोर पाणीच पाणी होतं. त्यातून तिवरांचे शेंडे वर आलेले, आणि त्यांच्यावर बगळे. पलीकडे जेट्टीला बार्ज लागलेला.

"हे?"

"व्हय. पाण्याखाली हाय. ओहोटीला आला असतात तर चिखल दिसला असता."

"बांध फुटला बारा-तेरा वर्षांखाली," पुतळीबाई म्हणाल्या. "मालकाने मग केलाच नाय."

विशालने टॅबकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. त्याला ठरलेले प्रश्न विचारायचेच होते, म्हणून तो विचारू लागला.

"कामगार किती?"

"दोन. मी आणि ही."

"मशिनरी?"

"फावडं होतं."

"सध्या आहे?"

"दांडा मोडला."

"वार्षिक उत्पादन?"

पुंडलिक पाण्याकडे बघत राहिले. त्यांना उगाच आठवलं की तिथे, तिसऱ्या तिवराच्या पलीकडे, मिठाची रास पडायची. मार्चच्या उन्हात ती इतकी पांढरी दिसे की डोळे मिटून घ्यावे लागत. पुतळी डोक्यावर पाटी घेऊन बांधावरून चालायची. तिच्या टाचांना पडलेल्या भेगांत मीठ शिरे, पण ती कधी पाटी खाली ठेवत नसे. पायाच्या मालिशच्या मशीनला आठ हजार लागले, म्हणून त्यांनी तिला एका शब्दानेही बोल लावला नव्हता.

"कोळंबी येते कधी कधी," ते म्हणाले. "ती लिहायची तर लिहा."

विशाल हसला नाही, पण टॅब मिटला. त्याच्या एका बुटात पाणी शिरलं होतं. "मावशी, सही करण्याआधी तुम्ही फॉर्म वाचला नाही का?"

"इंग्रजीत होता. तू वाचलास ना आता?"

"वाचला."

"तुला पटला?"

विशालने भिजलेल्या बुटाकडे पाहिलं. पूजाने थर्मासमधून चहा दिला. बांधावर उकिडवा बसून, बूट काढून मोजा पिळत त्याने तो प्यायला आणि म्हणाला, "मी जे बघितलं ते लिहितो. वरचे काय करतील ते मला माहीत नाही."

वरच्यांनी आधी काहीच केलं नाही. अर्जावर सही ग्राहकाचीच आहे, असं इंग्रजीत दोन पानी उत्तर आलं. मग पूजाने रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकली आणि सोबत विशालच्या अहवालाची मागणी केली. तो अहवाल फाइलमध्ये होता. त्यात लिहिलं होतं: जागेवर कारखाना नाही. जागेवर खाडी आहे.

त्यानंतर सात आठवड्यांनी बँकेचाच फोन आला.

*

वरशाला सरूच्या अंगणात वालाच्या शेंगा सोलायला सगळे बसले होते तेव्हा पूजाने बँकेचं पत्र वाचून दाखवलं. व्याज माफ, दंड माफ, सगळे चार्जेस माफ. खरेदी एक लाख सहा हजारांची. त्यातून भरलेले बासष्ट हजार वजा. राहिले चव्वेचाळीस हजार, ते महिना दोन हजारांनी बावीस महिन्यांत द्यायचे.

"म्हणजे माझं चुकलं," हैबतराव म्हणाले. ते इतक्या सहज म्हणाले की सरूने शेंग सोलता सोलता वर पाहिलं. त्यांना आनंद झाल्यासारखा दिसत नव्हता. उलट, गाडी चुकलेल्या माणसासारखा चेहरा झाला होता. "मग आता जमिनीचा प्रश्न नाय."

"नाय," दीपिका म्हणाली, आणि एक वालाचा दाणा तोंडात टाकला.

"पण चव्वेचाळीस कोण देणार? ज्याने घेतलं त्याने द्यायचं, असं माझं मत हाय."

"मी लावून बघितलंय काका," पूजा म्हणाली. "आधीची खरेदी आधी फिटली असं धरलं तर मोबाइल फिटला. शिलाई मशीन फिटलं, मालिशचं मशीन, फी, सगळं फिटलं. शेवटच्या खरेदीचे दोन हजार फिटलेत. राहिलेत ते फक्त दात."

"मग सासूबाईंनी दात विकून टाकावेत," हैबतराव म्हणाले. "वापरत तरी कुठं हायत?"

पुतळीबाई काही बोलायला तोंड उघडत होत्या. सरूला दिसलं की आई आता आणखी एक खोटं बोलेल, तेही तिच्यासाठी, आणि मग दर महिन्याला दोन हजार भरेल. तिने सूप खाली ठेवलं.

"वापरतात," ती म्हणाली. "रोज वापरतात."

"कोण?"

"आत्ता पण वापरतायत."

हैबतरावांना समजायला वेळ लागला. आधी त्यांनी सासूच्या तोंडाकडे पाहिलं, मग बायकोच्या. मग त्यांची जीभ आतून दातांवरून हळूहळू फिरली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हे सगळ्यांना गालावरून दिसलं. समीक्षाने चेहरा ओढणीत लपवला. साईराज घाईने पाणी आणायला उठला आणि आत जाऊन बराच वेळ परतला नाही.

"बचत गट म्हणालीस."

"तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसला होतात," सरू म्हणाली. "मला बघवत नव्हतं."

ती वाट पाहत होती ओरडण्याची. सव्वीस वर्षांत ते कशाकशावर ओरडले होते याची तिला पूर्ण यादी पाठ होती. पण ते ओरडले नाहीत. शेंगांची टोपली जवळ ओढून त्यांनी सोलायला सुरुवात केली, जे काम त्यांनी आजवर केलं नव्हतं. चहा आला तोवर तोंड मिटूनच होते.

"महिन्याचे दोन हजार मी देईन," ते शेवटी ओठ फारसे न उघडता म्हणाले.

*

दहा दिवसांनी, बुधवारी, अकराच्या एसटीने हैबतराव एकटेच पेणला आले. हातात नेहमीचे वाल नव्हते, कापडी पिशवी होती. हरेश शिफ्टला गेला होता, दीपिका बाजारात. पुंडलिक बाहेर ओट्यावर जाळ्याची गाठ मारत बसले होते. पुतळीबाईंनी जावयाला पाणी दिलं.

"पूजा हाय?"

"ऑफिसात गेली. संध्याकाळी येईल. काय काम होतं?"

हैबतरावांनी पिशवी मांडीवर घेतली, खाली ठेवली, पुन्हा मांडीवर घेतली. मग तिच्यातून कागद काढले. त्यांवरची अक्षरं पुतळीबाईंना वाचता येत नव्हती, पण कागदांचा थाट त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता. डाव्या कोपऱ्यात रंगीत चिन्ह, उजवीकडे चौकटीत आकडा, आणि चौकटीखाली लाल ओळ.

"किती कार्डं?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"आणि सगळे मिळून?"

"चार लाख बारा हजार." हैबतराव जमिनीकडे बघत होते. "पहिलं घेतलं साईराजच्या गाडीसाठी. मग त्याचं फेडायला दुसरं. मग तुम्हाला माहीतच हाय."

पुतळीबाईंना आता सगळं उलगडलं. अकरा गुंठे कशाला हवे होते ते. जमीन सरूच्या नावावर झाली की ती विकायला काढून, दलालाकडून विसार घेऊन यांनी आधी सासूचं कर्ज फेडलं असतं आणि उरलेल्या पैशांत स्वतःचं. त्यांना राग यायला हवा होता. सव्वीस वर्षांचं शहाणपण ऐकून घेतल्यावर आज हसण्याचाही त्यांना हक्क होता, आणि हसू आलंही. ते त्यांनी अडवलं नाही. तीन दात नसलेल्या तोंडाने त्या मनापासून, अगदी अंग हलवून हसल्या. हैबतराव मान खाली घालून ते संपायची वाट पाहत राहिले.

हसणं थांबल्यावर पुतळीबाईंनी पदराने डोळे पुसले. मग त्या जावयाच्या जवळ जाऊन बसल्या.

"फॉर्मवर काय लिहिलंय तुमचं?"

"कृषी उद्योजक. महिना एक लाख दहा हजार."

"माझ्यापेक्षा मोठे झालात की. आता खरं किती ते सांगा. पूजा तेच विचारणार."

हैबतराव काहीतरी पुटपुटले.

"ऐकू नाय आलं," ओट्यावरून पुंडलिक म्हणाले.

"वर्ष चांगलं गेलं तर महिना नऊ," हैबतराव जरा मोठ्याने म्हणाले. "कधी तेवढंही नाय."

हे एवढं बोलून त्यांनी टोपी काढून बाजूला ठेवली. सासूच्या घरात टोपी काढून बसलेलं त्यांना पुतळीबाईंनी पहिल्यांदाच पाहिलं. टोपीखाली डोक्यावर फार थोडे केस उरले होते.

"सरूला माहीत नाय," ते म्हणाले. "तलाठ्याकडे जातो सांगून आलोय. तुम्ही सांगाल तिला? तुमचं ऐकेल ती."

"मी नाय सांगणार. तिने दातांचं सगळ्यांसमोर स्वतः सांगितलं. तुम्हाला तर तिला एकटीलाच सांगायचंय, ते पण फोनवर."

"सासूबाई—"

"फोन लावा आधी. मग जेवा. मग पूजा आली की लिहायला बसू."

त्यांनी फोन काढला. दोनदा नाव चुकलं, तिसऱ्यांदा लागला. पुतळीबाई उठून आत जाऊ लागल्या, तर त्यांनी हाताने त्यांना थांबायची खूण केली. पलीकडून सरूचा आवाज आला. मागे कुकरची शिट्टी वाजत होती.

"भेटले का तलाठी?"

"मी पेणला हाय," हैबतराव म्हणाले. "तुझ्या आयच्या समोर बसलोय. सरू, गॅस बंद कर आणि जरा तू पण बस."